घामानं निसरडी न होणारी व्यायामाची मॅट स्वतः बनवायची आहे, मदत हवी

अनवाणी
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात अधोमुख श्वानासनात माझा उजवा हात पुढे सटकला आणि मनगट मुरगळलं. आता बरं आहे, पण तेव्हापासून हाच विषय डोक्यात घोळतोय.

मी रोज २४ सूर्यनमस्कार घालते. पहिले आठ-दहा छान जातात. मग हात उचलला की मॅटवर पाचही बोटांचा ओला ठसा उमटलेला दिसतो. पुढच्या नमस्काराला हात नेमका त्याच ठशावर पडतो आणि तिथेच घसरतो. आतापर्यंत तीन मॅट वापरून झाल्या. पीव्हीसीची मॅट कोरडी असेपर्यंत हात घट्ट धरते, घाम आला की बुळबुळीत. जाड मऊ फोमची मॅट हाताखाली ताणली जाते आणि जमिनीवरही सरकते. रबराची त्यातल्या त्यात बरी, पण पंधराव्या नमस्कारानंतर तीही हार मानते.

मला शिवणकाम चांगलं येतं आणि एका मैत्रिणीकडे जाड शीट कापायचं यंत्र आहे. तेव्हा थर जोडून आपणच मॅट करावी असं ठरवलंय. प्रश्न असे: वरच्या थराला काय वापरावं? घाम शोषून घ्यावा की खाचांमधून वाहू द्यावा? आणि बनवलेली मॅट खरंच घसरत नाही हे घरच्या घरी तपासायचं कसं?

चिऊताई
मॅटवर टॉवेल अंथरा, प्रश्न मिटला.

अनवाणी
करून पाहिलं, चिऊताई. टॉवेल मॅटवर सरकतो, उडी मारून पाय मागे नेले की त्याचा चोळामोळा होतो. आणि सुरुवातीला, घाम यायच्या आधी, कोरड्या टॉवेलवर हात जास्तच घसरतो.

रबरबाज
रबर आणि फोमचे साचे हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोम दोन जातींचा असतो. एकात प्रत्येक बुडबुडा चारी बाजूंनी बंद, दुसऱ्यात बुडबुडे एकमेकांत उघडलेले. बंद बुडबुड्यांचा फोम पाणी आत घेत नाही. तो पुसला की स्वच्छ, वास धरत नाही, पण घाम सगळा वरच राहतो. पीव्हीसी, टीपीई (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) आणि एनबीआर (एक कृत्रिम रबर) यांच्या बहुतेक मॅट या जातीच्या. उघड्या बुडबुड्यांचा फोम घाम पिऊन टाकतो, म्हणून ओल्या हातालाही धरतो. त्याची किंमत मात्र नंतर मोजावी लागते. तो आतपर्यंत भिजतो, वाळायला फार वेळ घेतो आणि नीट वाळवला नाही तर कुबट वास मारतो.

तुम्हाला आलेले तिन्ही अनुभव यात बसतात. ‘कोरडी राहणारी’ म्हणून विकली जाणारी मॅट बहुधा पाणी आत न घेणारी असते, म्हणजे मॅटचं पोट कोरडं आणि पाठ ओली. तुम्हाला नेमकं उलटं हवंय.

एक गोष्ट राहिली. नव्या पीव्हीसी मॅटवर कारखान्यातला पातळ गुळगुळीत थर असतो. काही दिवस वापरल्यावर किंवा जाड मीठ आणि ओल्या फडक्यानं घासल्यावर तो जातो. त्याआधी मॅट वाईट ठरवू नये.

काटकोन
रबरबाजांनी मूळ मुद्दा पकडलाय. मी आकडे जोडतो.

साधारण मॅट १७३ बाय ६१ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास एक चौरस मीटर. एवढ्या जागेवर एक लिटर पाणी सारखं पसरलं तर थर १ मिलिमीटरचा होतो. माणसाला जोरदार व्यायामात तासाला अर्धा ते दोन लिटर घाम येऊ शकतो, पण त्यातला बराचसा अंगावरच वाळतो आणि कपड्यांत जातो. मॅटवर गळतो तो थोडा. अडचण अशी की तो सारखा पसरत नाही. तळहाताची जागा धरा दीडशे चौरस सेंटीमीटर. तिथे चहाचा एक चमचा, ५ मिलिलिटर घाम साचला तरी थर ०.३ मिलिमीटरचा. हात घसरायला त्याच्या कितीतरी पट पातळ थर पुरतो, कारण मग कातडी मॅटला टेकतच नाही, पाण्यावर तरंगते.

हा घाम जाणार कुठे? तीनच वाटा आहेत: वाहून जाईल, शोषला जाईल किंवा उडून जाईल. उडून जाणं व्यायाम चालू असताना विसरा. एक ग्रॅम पाणी वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते, आणि मॅटला खालून हवाही नाही. म्हणून घाम हाताखालून चटकन बाजूला नेऊन कुठेतरी साठवायचा आणि व्यायाम झाल्यावर वाळवायचा. मॅट ‘कोरडी ठेवण्या’पेक्षा हातापुरती जागा कोरडी ठेवणं हे साध्य धरा.

घामाघूम
हा धागा माझ्यासाठीच निघालाय असं वाटलं. माझ्या तळहातांना लहानपणापासून अतोनात घाम येतो. परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवून लिहायचो. तळहात-तळपायांवर घामाच्या ग्रंथी सगळ्यात दाट असतात आणि तिथला घाम उकाड्यापेक्षा मनातल्या ताणानं जास्त येतो. म्हणजे ‘आता घसरणार’ असं वाटलं की घाम, आणि घाम आला की खरंच घसरणं. या फेऱ्यात मी वर्षं काढली आहेत.

एक माहिती सांगतो, जी कळल्यावर मला फार हलकं वाटलं. चिकट मॅटची सुरुवात ज्यांच्यामुळे झाली त्या योगशिक्षिका अँजेला फार्मर. तरुणपणीच्या एका शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या हातापायांना घामच येत नसे, त्यामुळे जमिनीवर हात धरत नसत. १९८२ साली जर्मनीत शिकवताना गालिच्याखाली घालायचं अस्तर त्यांच्या हाती लागलं. त्यावर हातपाय पक्के बसले, आणि पुढे त्याच अस्तराचे तुकडे चिकट मॅट म्हणून विकले जाऊ लागले.

म्हणजे ही मॅट मुळात अजिबात घाम न येणाऱ्या हातांसाठी जन्मली. ती माझ्या हातांना साथ देत नाही यात माझ्या हातांचा दोष काय?

अनवाणी
घामाघूम, हे वाचून अंगावर काटा आला. मी इतके दिवस स्वतःलाच बोल लावत होते.

शांतशशी
मी बरीच वर्षं आसनं शिकवते. थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नये. श्वानासनात हात घसरतो त्याचं कारण पुष्कळदा मॅट नसते. वजन सगळं मनगटाच्या टाचेवर टाकलेलं असतं, तर्जनी आणि अंगठ्याच्या मुळाशी हात उचललेला असतो, आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडल्यामुळे पाय भार घेत नाहीत. गुडघे थोडे वाकवा, बैठक वर आणि मागे न्या, बोटं पसरून तर्जनीचं मूळ दाबा. माझ्याकडे साध्या सुती सतरंजीवर करणारेही आहेत. पकड आधी शरीरात यावी, मग मॅटमध्ये.

घामाघूम
शशीताई, आदर ठेवून सांगतो, हे मला डझनभर शिक्षकांनी सांगितलंय. तर्जनीचं मूळ दाबून मी आणखी घसरलोय. तळहातावर थेंब उभे राहिलेत तिथे तंत्र काय करणार?

काटकोन
दोघांचंही बरोबर आहे, आणि हे मोजून दाखवता येतं.

श्वानासन म्हणजे उलटा ‘व्ही’. भार सरळ हाताच्या रेषेतून खाली उतरतो असं धरलं, तर हाताचा जमिनीशी कोन ४५ अंश असताना जितकं वजन खाली दाबतं तितकाच जोर हाताला पुढे ढकलतो. म्हणजे घर्षणांक (आडवा जोर भागिले खाली दाबणारा जोर) १ लागला. तोच कोन ६० अंश केला, म्हणजे हातपाय जवळ घेतले, की ०.५८ पुरतो. शिवाय हात आणि पाय मनातल्या मनात एकमेकांकडे ओढले, मॅटला चुणी पाडायची आहे असे, तर पोटाचे आणि कमरेचे स्नायू तो ढकलणारा जोर पेलतात आणि मॅटवरचा भार आणखी उतरतो. शशीताई शिकवतात ते हेच. तंत्रानं गरज कमी होते.

पण पाण्याचा थर आला की मिळणारं घर्षण जोरात कोसळतं. कमी केलेली गरजही भागेनाशी होते. घामाघूम तिथे अडकलेत.

शांतशशी
‘एकमेकांकडे ओढा’ हे इतक्या नेटकेपणानं मला कधी सांगता आलं नव्हतं. उद्याच्या वर्गात असंच सांगते. आणि घामाघूम, तुमचं म्हणणं पटलं. यापुढे कुणी घाम येतो म्हणालं तर आधी त्याचा हात बघेन.

जुनाखेळाडू
आम्ही जिम्नॅस्टिक्सवाले हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावायचो. बारवर तिला तोड नाही. मॅटवर मात्र दोन-तीन नमस्कारांत पूड आणि घाम मिळून लगदा होतो. पुडीच्या भरवशावर राहू नका.

विणकर
कापडाचं बोलतो, माझा धंदा तोच.

पहिली गोष्ट, कातडी पूर्ण कोरडी असताना पकड उलट कमीच असते. नोटा मोजताना आपण बोट ओलं करतो ते यासाठीच. किंचित ओलसर कातडी मऊ होते, पृष्ठभागाला जास्त टेकते आणि उत्तम धरते. चिंब झाली की घसरते. तेव्हा तुमची मॅट हाताखाली ‘ओलसर’ राहायला हवी, कोरडी ठणठणीत नको. अनवाणी, तुमचा टॉवेल सुरुवातीला घसरला आणि पुढे बरा वागला असेल, तो याचमुळे. मायक्रोफायबरवर आधी पाणी शिंपडून घ्यावं लागतं.

दुसरी, मायक्रोफायबर घेताना चिरलेल्या धाग्याचा घ्या. पॉलिएस्टर आणि नायलॉन एकत्र काढून तो धागा उभा चिरलेला असतो, त्याच्या चिरांत पाणी आपोआप खेचलं जातं. बोटानं चोळून पाहा, चिरलेला धागा खरखरीत बोटाला किंचित अडकतो. गुळगुळीत वाटला तर तो चिरलेला नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: पाणी मोठ्या फटीतून बारीक फटीकडे ओढलं जातं, दिव्यात वात तेल चढवते तसं. म्हणून वरचा थर थोडा उघड्या विणीचा आणि त्याच्याखालचा बारीक, घट्ट विणीचा घ्या. घाम वरून खाली जाईल, उलटा येणार नाही. क्रम चुकला तर वरचाच थर पाणी धरून बसेल.

कापड लोकरीसारखं केसाळ नको. केस आडवे झाले की हात त्यांवरून सरकतो.

मोरपीस
बाळाच्या डायपरमध्ये ती पाणी पिणारी पूड असते, ती मधल्या थरात भरली तर? माझी लेक चार तास एका डायपरमध्ये खेळते आणि वरून कोरडीच.

रबरबाज
कल्पना छान आहे, पण तीन अडचणी. ती पूड साध्या पाण्याच्या मानानं खारं पाणी बरंच कमी शोषते, आणि घाम खारट. फुगली की तिची जेली होते, म्हणजे हाताखाली लिबलिबीत उंचवटे. आणि थर कुठे उसवला तर ती जेली फोमपेक्षाही निसरडी. एकदा वापरून फेकायच्या वस्तूत ती ठीक.

नदीकाठ
मॅटला आरपार भोकं पाडली तर? घाम सरळ खाली जाईल.

काटकोन
खाली जाऊन थांबेल कुठे? फरशीवर. मग मॅटच फरशीवर तरंगेल. हात सटकण्यापेक्षा अख्खी मॅट सरकणं वाईट, कारण ते आधी कळत नाही. भोकं पाडायचीच तर वरच्या थरापुरती, तळाचा थर अखंड हवा.

खाचांबद्दलही सांगतो. गाडीच्या टायरवरच्या खाचा काम करतात कारण चाक फिरताना पाणी बाहेर फेकलं जातं. आपला हात जागचा हलत नाही. बारीक खाचांनी पहिल्या काही थेंबांना जागा मिळते, पण त्या भरल्या की संपलं. नुसत्या खाचांवर भिस्त नको.

मोरपीस
थोडं अवांतर. माझी आई सत्तरीची आहे, एका पायावर उभं राहायचा व्यायाम करते. गुडघ्यांना मऊ म्हणून तिला १५ मिलिमीटर जाडीची मॅट दिली, तर तिचा घोटाच डळमळायला लागला. दोनदा कडेला पाय अडखळला.

शांतशशी
उभ्यानं करायच्या व्यायामाला जाड मॅट नकोच. ३ ते ५ मिलिमीटर पुरे, गुडघ्याखाली वेगळी घडी ठेवावी. आणि भिंतीजवळ किंवा जड खुर्चीजवळ उभं करा त्यांना, हात पटकन पोचला पाहिजे. अनवाणी, तुमच्या मॅटच्या कडाही उतरत्या ठेवा.

मोरपीस
मॅट काढून टाकली. आता अनवाणी थेट फरशीवर, खुर्चीची पाठ धरून. आई खूश आहे.

रबरबाज
तळाबद्दल: नैसर्गिक रबराचा ३ मिलिमीटरचा पत्रा, खालची बाजू बारीक दाण्यांची. महिन्यातून एकदा तळ ओल्या फडक्यानं पुसा. तळाला धूळ बसली की मॅट सरकते आणि लोक रबराला दोष देतात. घरात कुणाला लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर नैसर्गिक रबर टाळून टीपीई घ्या. आणि मॅट उन्हात वाळत घालू नका. ऊन आणि ओझोननं रबराला बारीक चिरा जातात, मग ते भुरभुरतं. सावलीत, दोरीवर, दोन्ही बाजूंना वारा लागेल असं.

घामाघूम
तेलाचंही लिहा दादा. डोक्याला तेल लावून तोच हात मॅटवर टेकवला की संपलं. एकदा सुगंधी तेलाचा फवारा मारून मॅट पुसली होती मी, आठवडाभर निसरडी आणि पुढे मऊ पडली.

रबरबाज
तेल रबरात मुरतं आणि ते फुगवतं, म्हणून मऊ पडली. साबणाचंही तेच, कमी वापरा आणि खळखळून धुवा, राहिलेला साबण पुढच्या घामाबरोबर फेस होऊन वर येतो.

विणकर
मायक्रोफायबरला कपडे मऊ करणारं द्रव्य चुकूनही लावू नका. चिरा बुजतात आणि कापड पाणी टिपेनासं होतं.

अनवाणी
आणि बूचाचं काय? मला बूचाच्या मॅटबद्दल फार कुतूहल आहे.

रबरबाज
बूच म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी एकदा ती सोलून काढतात. आतल्या बारीक पेशी हवेनं भरलेल्या आणि बंद, भिंतींवर मेणासारखं द्रव्य, त्यामुळे पाणी आत मुरत नाही. तरी किंचित ओलं झालं की ते जास्त धरतं, वर विणकरांनी नोटांचं सांगितलं तसंच. मध्यम घामाला बूच फार चांगलं. घामाघूमांसारख्या हातांना ते पुरणार नाही, कारण साठवायला जागा नाही. गुंडाळताना बूच बाहेरच्या बाजूला ठेवा, आत घेतलं तर सुरकुत्या पडून कपचे निघतात.

काटकोन
तपासणीचं राहिलं होतं. एक लांब फळी घ्या, एक टोक जमिनीवर, दुसरं उचलायचं. फळीवर नमुन्याचा तुकडा पक्का करा. त्यावर वाळूची दोन किलोची पिशवी ठेवा, तिच्या तळाला मऊ चामडं गुंडाळा, म्हणजे कातडीच्या जवळपास जाईल. टोक हळूहळू उचला आणि पिशवी निसटेल तो कोन कोनमापकानं टिपा. त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षणांक. ४५ अंशाला १, ३० अंशाला ०.५८. मग चामडं आणि नमुना किंचित ओले करून पुन्हा, शेवटी चिंब करून पुन्हा. तिन्ही आकडे हवेत. एकच मॅट कोरड्यात पहिली आणि ओल्यात शेवटची येऊ शकते.

पोहण्याच्या तलावांच्या फरशांसाठी जर्मनीत अशीच तपासणी आहे, पूर्वी ती डीआयएन ५१०९७ या जर्मन मानकात होती. तिथे उतारावर साबणाचं पाणी सोडून माणूस अनवाणी चालतो. १२ अंशाला टिकली तर अ वर्ग, १८ ला ब, २४ ला क. तुम्ही स्वतः उतारावर चालू नका, पिशवीच ठेवा.

अनवाणी
तीन आठवड्यांनी आले. सगळ्यांचं ऐकून केलं ते सांगते.

पाच नमुने फळीवर तपासले: पीव्हीसी, रबर, बूच, चिरलेला मायक्रोफायबर, आणि विणकरांनी सांगितलेला दोन विणींचा थर. कोरड्यात रबर पहिलं आणि मायक्रोफायबर शेवटचा. किंचित ओल्यात बूच आणि दोन विणींचा थर रबराच्या बरोबरीला आले. चिंब केल्यावर पीव्हीसीवरून पिशवी मी टोक जेमतेम उचललं तोच सुटली, दोन विणींचा थर मात्र शेवटपर्यंत टिकला. कापडाच्या थरावर पाण्याचा थेंब सोडला की तो पसरत नाही, मधोमध बुडतो. हे बघतच बसले होते मी.

मग काटकोनांच्या हिशेबावरून अख्ख्या मॅटला कापड लावायचा विचार सोडला. खाली अखंड रबर, वर साधं रबराचंच पान, आणि त्यात दोन चौकोनी खिडक्या कापल्या, एक हातांना आणि एक पायांना. खिडकीत कापडाचा तुकडा बसतो, पातळी आजूबाजूच्या रबराइतकीच. तुकडे काढून धुता येतात, म्हणून दोन जोड्या शिवल्यात. सुरू करायच्या आधी हाताच्या तुकड्यावर पाण्याचे चार फवारे.

परवा २४ नमस्कार झाले. एकोणिसाव्याला हात उचलून मुद्दाम पाहिलं. ठसा नव्हता. कापड ओलसर होतं, हात ओला होता, आणि हात जागचा हलला नाही.

घामाघूम, तुमच्या मापाचा एक तुकडा शिवून ठेवलाय. निरोपातून पत्ता कळवा.

घामाघूम
काय लिहू कळत नाही. कळवतो लगेच.

अनवाणी
एक अडचण उरली आहे. तुकड्याचे कोपरे आठवडाभरात उचलले जातात. पायाचं बोट अडकायची भीती वाटते. कडेनं व्हेल्क्रो शिवलाय तरी. डिंक लावला तर धुता येणार नाही.

रबरबाज
चौकोन कापलात तिथेच गोम आहे. सोलणं नेहमी कोपऱ्यातून सुरू होतं, सगळा ताण टोकाला गोळा होतो. खिडकी आणि तुकडा दोन्हींचे कोपरे गोल करा, एखाद्या वाटीच्या कडेवरून आखून. व्हेल्क्रो कडेवर न शिवता एक बोट आत शिवा, आणि तुकड्याची कड रबराच्या पानाखाली अर्धा सेंटीमीटर सरकेल इतकी मोठी ठेवा. वरून पान दाबून धरेल.

अनवाणी
आज रात्रीच कापायला घेते.